काचेचा पिकर

"हा बघा," म्हणत माग दुरुस्त करणाऱ्या रमजान जॉबरनं मागावरून काढलेला पिकर माझ्या तळहातावर ठेवला. "ओरखडा न्हाई. तुमच्या कंपनीचा माल म्हंजे माल, साहेब."

मी पिकर फडक्यानं पुसला. खरंच ओरखडा नव्हता. धोट्याचं टोक आदळतं तिथं जरासा चकचकीत डाग पडला होता, तेवढंच. इतके महिने मार खाऊनही पिकर नुकताच साच्यातून काढल्यासारखा दिसत होता. आणि त्याच मागावरून त्याच आठवड्यात धोटा उडून माझ्या दाजींचा डावा डोळा गेला होता.

इचलकरंजीबाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. पोटात सूत घेऊन तो मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, तेव्हा कापड विणलं जातं. त्याला टोला देतो तो पिकर. मुठीत मावेल एवढा ठोकळा, एका लोखंडी सळईवर ओवलेला. त्या सळईवरूनच तो पुढंमागं झेपावतो. टोला सरळ बसला तर धोटा सरळ जातो. वाकडा बसला तर कुठंही जातो, आणि मागापुढं माणूस उभा असतो.

पूर्वी पिकर म्हशीच्या कातड्याचे असत. मग नायलॉनचे आले. दोन्हींची गत एकच, महिन्या-दोन महिन्यांत धोट्याच्या टोकानं भोक पडायचं आणि पिकर फेकून द्यावा लागायचा. गावातले शेडवाले, म्हणजे मागांचे मालक, या खर्चाच्या नावानं बोटं मोडायचे. आमच्या हेरवाडे मालकांनी ते ऐकलं आणि वर्षभर टिकणारा पिकर काढायचं मनावर घेतलं. मी त्यांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात केमिस्ट होतो.

नायलॉन जात्या चिवट, पण मऊ. त्यात काहीतरी भरल्याशिवाय ते अंगमेहनतीच्या कामाला उभं राहत नाही. काय भरायचं, हीच सगळी विद्या. शंखजिऱ्याची पूड भरली तर माल कडक आणि स्वस्त होतो, पण टोल्याला तडकतो. ग्रॅफाइट भरलं तर सुळकन सरकतो, पण ताकद उतरते. काचेचे बारीक तंतू भरले तर मात्र ताकद दुपटीनं वाढते. मालकांनी काच निवडली, भरपूर घालायला लावली, आणि गावभर पाट्या लावल्या, 'एकदा बसवा, वर्षभर विसरा.'

"आता सळई काढा," मी रमजानला म्हटलं.

"सळईला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. पण त्यानं नट सैल केले, सळई ओढून काढली आणि सवयीनं तिच्यावरून बोट फिरवलं. बोट मधेच थांबलं.

"आयला," तो म्हणाला.

सळई दोन्ही टोकांना होती तशी होती. मधोमध मात्र ती चहूबाजूंनी खाल्ली गेली होती, इतकी की बोटांच्या चिमटीत कंबर लागावी. पिकरच्या भोकात काचेच्या तंतूंची टोकं उघडी पडली होती आणि ती रात्रंदिवस लोखंडावर कानस चालवत होती. पिकरला काही झालं नव्हतं, कारण सगळं सळईनं सोसलं होतं. त्या झिजलेल्या जागी पिकर डुगडुगायला लागला, टोला तिरका बसला आणि धोटा उडाला.

"तुम्हाला कधी कळलं कसं नाही?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"कसं कळणार?" रमजानही तडकला. "पिकर फुटला की आम्ही काढतो. काढला की सळईवर बोट फिरवतो, तेल लावतो, नवा घालतो. मधी कोण काढतंय? तुमचा पिकर फुटंचना. मग बोट फिरवायची येळच आली न्हाई की."

आमच्या गावात सळई तपासायची दुसरी पद्धतच नव्हती. पिकर फुटायचा म्हणून जॉबरचं बोट सळईवरून फिरायचं. आम्ही पिकर फुटायचा थांबवला आणि ते बोटही थांबलं. ती सळई मी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली.

कारखान्यात आमचं चाचणीचं यंत्र होतं. पिकर आधी तोलायचा, यंत्रावर पळवायचा, मग पुन्हा तोलायचा. किती झिजला ते कळायचं. सळई कुणीच तोलत नसे. झिजली की दुसरी घालायची, यंत्राचा किरकोळ खर्च म्हणून. दाजी मिरजेच्या दवाखान्यात पडून होते तेव्हा मी पहिल्यांदा सळई तोलली. मग काच निम्म्यावर आणली, जोडीला ग्रॅफाइट घातलं आणि नवे नमुने पळवले. ताकद उतरली, पिकर लवकर झिजू लागला, पण सळई जशीच्या तशी राहिली. मला इतका आनंद झाला की मी जेवायचं विसरलो. वाटलं, चला, इलाज सापडला. मूर्ख माणसाला इलाज सापडला की वाटतं आता रोगी बरा होणारच.

मालकांसमोर मी तिन्ही वस्तू ठेवल्या, जुना पिकर, झिजलेली सळई आणि नवा नमुना. मालक वाईट माणूस नव्हते. ते तसे असते तर माझं काम सोपं झालं असतं. मला प्लास्टिकचा कोर्स त्यांनीच करायला लावला होता, स्वतःच्या खर्चानं. दाजींना मिरजेला त्यांच्याच गाडीतून नेलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सळई उचलून बघितली.

"म्हणजे तुझा नवा पिकर चार महिने चालणार."

"फार तर पाच. पण सळई वाचते, मालक."

"सळई मी विकत नाही, गजानन."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी हसलोसुद्धा.

"हसतोस काय? मी पिकर विकतो. वर्षाचा म्हणून विकतो. आता तो चार महिन्यांचा झाला म्हणून सांगायला कुणाकडं जाऊ? पुढच्या शुक्रवारी शेडवाल्यांच्या संघटनेची बैठक आहे. सगळ्या सभासदांसाठी एकगठ्ठा पिकर घ्यायचं चाललंय. तुझ्या दाजींचं प्रकरण झाल्यापासून चार जण कुरकुरायला लागलेत. तू तिथं येऊन एवढंच सांग, की पिकर सगळ्या चाचण्यांत पास झाला. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग खरं बोलायला तुझं काय जातंय?"

मी म्हणालो, "मी बैठकीला येईन. पण सळई घेऊन येईन."

मालकांनी चष्मा पुसला. "ये," ते म्हणाले. "तुझ्या अक्काला विचारून ये."

त्यांनी अक्काचं नाव का घेतलं, हे मला तेव्हा समजलं नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, दाजींशी लग्न झाल्यावर मला आपल्याबरोबर आणलं, दाजींनी एका शब्दानं कुरकूर केली नाही. दुसऱ्याच्या शेडवर पाळी करून त्या माणसानं मला बी.एस्सी. केलं. त्यामुळं माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. बैठकीत खरं सांगायचं, तो पिकर बंद पाडायचा आणि दाजींचं नुकसान कारखान्याकडून भरून घ्यायचं. नोकरी गेली तर गेली.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी अक्का-दाजींच्या घरी गेलो. दाजी खाटेवर बसले होते, डोळ्यावर पट्टी. चांगला डोळाही सुजून बारीक झाला होता.

"दाजी, आज तुम्ही एवढंच सांगायचं. धोटा उडायच्या आधी दोन दिवस आवाज बदलला होता, तुम्ही रमजानला म्हणाला होता, आणि तो म्हणाला पिकर नव्यासारखाच हाय, कशाला काढायचा. झालं होतं ते सांगायचं, बाकी मी बघतो."

दाजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी ते हो म्हणूनच धरलं.

"अक्का, तू का गप्प?"

अक्का चुलीपाशी भांडी आवरत होती. "काल मालक येऊन गेलं," ती म्हणाली. "बघायला. फळं आनलीती."

"आता फळं आणतायत! डोळा गेल्यावर!"

"चा घे," अक्का म्हणाली. "निवल."

मी चहा घेतला. वाटलं, घाबरलेत बिचारे, मालकाचं वजन पडलंय. मी दाजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "मी आहे ना." हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच कीव येते.

बैठक संघटनेच्या हॉलमध्ये होती. शेडवाले, जॉबर, सुताचे दलाल, हॉल गच्च भरला होता. मालकांनी एक नवा पिकर आणि एक हातोडा आणला होता. त्यांनी पिकर जमिनीवर ठेवून त्यावर घाव घातले आणि तो समोरच्यांच्या हातात दिला. लोक ओरखडा शोधत होते आणि माना डोलवत होते.

मग मी उठलो. सळई कागदातून काढली आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिली. "बोट फिरवा आणि पुढं द्या," म्हटलं. काच काय करते, पिकर का झिजत नाही आणि त्याऐवजी काय झिजतं, हे जमेल तितकं सोपं करून सांगितलं. चार महिने चालणाऱ्या माझ्या नव्या नमुन्याचंही सांगितलं. पण माझ्या बोलण्यापेक्षा सळईच जास्त बोलत होती. ती ज्याच्या हातात जाई त्याचं बोट मधे अडायचं आणि तो शेजाऱ्याकडं बघायचा. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आमच्या शेडात दोन धोटं उडालं की रं गेल्या महिन्यात!" दुसरा म्हणाला, "आजच समदं पिकर काढून बघाया पायजेत." हॉलमध्ये कलकलाट झाला. मी मालकांकडं बघितलं. ते हातातला रुमाल घडी करत होते.

कलकलाट ओसरल्यावर ते उठले. "गजानन आमचाच माणूस आहे," ते म्हणाले. "हुशार आहे. पण तो त्या वेळी मागापाशी नव्हता. जे होते त्यांना विचारा."

दाजी भिंतीशी बसले होते. दोघांनी हात देऊन त्यांना उभं केलं. पट्टी बांधलेला माणूस उभा राहिला तशा सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"चूक माजी हाय," दाजी म्हणाले.

मला वाटलं, सुरुवात अशी करतायत, पुढं वळवतील.

"पिकर बशीवताना मी जॉबरला बोलावलं न्हाई. माजा मीच बशीवला. सळई आदीचीच झिजल्याली हुती, मला म्हाईत हुतं. म्हटलं चालंल. पिकरचा काय दोष न्हाई."

"दाजी!" मी म्हटलं. "दाजी, तुम्ही रमजानला—"

मी रमजानकडं बघितलं. रमजान छताकडं बघत होता.

"मला तेवडंच ठावं हाय," दाजी म्हणाले आणि खाली बसले.

मालक हळू आवाजात म्हणाले, "ज्याचा डोळा गेला तो हे सांगतोय. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं. माझ्याबद्दल मात्र बोलायचं होतं. एकजण म्हणाला, "सोताचा पिकर काडायचा असंल साहेबास्नी, चार म्हैन्याचा." हशा पिकला. दुसरा म्हणाला, "दाजींच्या डोळ्यावर धंदा मांडतोय की!" त्यावर कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या माना हलल्या. सळई फिरत फिरत माझ्याकडं परत आली. तिच्यावरून आता कुणी बोट फिरवत नव्हतं. एकगठ्ठा पिकर घ्यायचं तिथल्या तिथं मंजूर झालं. मला कारखान्यातून काढावंही लागलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही.

अक्काकडं जायलाही माझं मन होईना. रागानं अंग जळत होतं. ज्या माणसानं मला शिकवलं त्यानंच भर हॉलमध्ये मला खोटं पाडावं! दिवाळी तशीच गेली. मग एकदा भाजी मंडईत शेजारीण भेटली आणि म्हणाली, "अक्काचं नशीब उघडलं बघ. मागवाली झाली की!"

मी तसाच सायकल मारत गेलो. घराच्या मागं, जिथं पूर्वी अक्काची तुळस आणि न्हाणी होती, तिथं पत्र्याची शेड उभी होती. आत दोन माग. जुने, पण रंगवलेले. एक चालू होता, त्याच्यापाशी दाजी. दुसऱ्यावर अक्का तुटलेला धागा जोडत होती.

"कुणी दिले?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

दाजींनी माग थांबवला. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "तू खरं बोलत हुतास," ते म्हणाले. "मला समदं ठावं हाय. रागावू नको असं म्या म्हननार न्हाई."

"मग का?"

"जलमभर दुसऱ्याच्या मागावर हुबा ऱ्हायलो, गजू. खरं बोललो असतो तर मालकानं कोर्ट दावलं असतं. एका डोळ्याच्या मानसाला कंच्या शेडवाल्यानं ठेवलं असतं? तू ठेवला असतास?"

माझ्या मनात आलं, की यांना दोष देणं माझ्यासारख्या दोन डोळ्यांच्या माणसाला फार सोपं आहे. राग मात्र गेला नाही. तो आजही गेलेला नाही, फक्त कुणावर काढायचा ते कळत नाही.

मग माझी नजर अक्काच्या मागावर गेली. सळईवर आमचाच पिकर होता.

"हा कशाला बसवलाय?" मी ओरडलोच. "अक्का, हा काढ. आत्ता काढ. साधा नायलॉनचा घाल, मी आणून देतो."

"काडता येत न्हाई," अक्का म्हणाली.

"का?"

तिनं बोटानं दाखवलं. सळई जिथं नटांनी आवळलेली होती तिथं दोन्ही टोकांना लाल रंग फासला होता. नट जरा फिरवला असता तरी रंग तडकला असता.

"मालकांनी लावलाय. वरीस पुरं व्हईस्तवर काडायचा न्हाई, माग देतानाच तसं ठरलंय. भिवंडीचं, मालेगावचं गिऱ्हाईक येतंय, त्यास्नी हितंच आनत्यात. ह्यांचा डोळा दावत्यात आन् म्हन्त्यात, ज्याचा डोळा गेला त्यो बी ह्योच पिकर वापरतोय बघा."

"आणि सळई?"

अक्कानं हातातला धागा पिळून गाठ मारली.

"अक्का, ही सळई पिकरच्या आत खाल्ली जाणार. तुला दिसणारसुद्धा नाही. तू निदान धोट्याच्या वाटेत तरी उभी राहू नको."

"मग कुटं ऱ्हाऊ?" तिनं विचारलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता. तिला खरंच सांगून हवं होतं. "धागा तुटला की हितनंच दिसतंय. जोडायचाबी हितनंच. दुसरी जागा हाय का सांग की. तू शिकलायस."

मी शेडमध्ये इकडं तिकडं बघितलं. माग, भिंत, माग. माणसाला उभं राहायला तेवढीच पट्टी होती.

"न्हाई न्हवं?" अक्का म्हणाली. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि हँडल ओढलं. धोटा सुटला. खाड खाड आवाजानं पत्रे थरथरायला लागले.

मी एकदम बाजूला सरकून भिंतीला टेकलो. अक्का आपल्या जागेवरच उभी राहिली.